लाल गालांची साक्ष

लेम्पी मेलेल्यांना आंघोळ घालायची. मूल जन्माला यायचं तेही तिच्याच हातांत, सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात. माणूस गेला की धुवायचं तेही तिथंच. आमच्या रानातल्या गावात चाळीस वर्षं हेच चाललं. बाई फटकळ, कॉफीची भोक्ती, पण एक खोड जन्माची. रडणारं माणूस समोर आलं की तिला खरं बोलवत नसे. त्या खोडीनं घात केला.

आमचा सॉना म्हणजे लाकडी खोपटं, चिमणी नाही. आधी पेटवायचा, भिंतीतल्या झडपेतून धूर जाऊ द्यायचा, मग आत बसायचं. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचतेय तोवर झडप लावायची नाही, हे आमची पोरं चालायच्या आधी शिकतात. लावली तर विषारी वायूनं माणूस बसल्या जागी मरतो, आणि मेल्यावरही गाल लालबुंद राहतात, पण ती खूण धुणारीलाच ठाऊक. असं मरण म्हणजे घराण्याची शोभा! ‘एवढीही अक्कल नव्हती?’ म्हणत लोक तीन पिढ्या हसतात.

म्हातारा ऑस्करी तसाच गेला, घाई करून. लेम्पीनं धुताना गाल बघितले नि काय ते समजली. बाहेर त्याची बायको ऊर बडवून घेत होती. लेम्पी तिला म्हणाली, “अगं, रडतेस काय? लग्नाला निघाल्यासारखा लाल झालाय बघ! देवानंच हात फिरवलाय त्याच्यावरून.”

दारात तौनो उभा होता. नदीतून ओंडके सोडणारा गडी, अंगचोर, पण जिभेवर साखर. ‘मला देवाचा आवाज ऐकू येतो’ म्हणत दोन महिने हिंडत होता नि कुत्रं विचारत नव्हतं. त्यानं लेम्पीचं वाक्य झेललं. रविवारी सगळ्यांपुढे म्हणाला, “ज्याचा उद्धार होतो तो पांढरा पडत नाही. साक्षीला ही लेम्पीमावशी!” ऑस्करीची बायको समोरच बसली होती. लेम्पीनं मान हलवली.

झालं! वर्षभरात अकरा घरं तौनोभाऊच्या पायाशी. मग नियम आले. ज्याच्या मनात शंका, त्यानं ‘ऊब’ घ्यायची. म्हणजे निळ्या ज्योतीवर झडप बंद, बाहेर सगळ्यांनी भजन म्हणायचं. आतला ओरडला तर तो सैतान ओरडतोय, दार उघडायचं नाही. आणि मेलेल्याचा चेहरा धुणारीशिवाय कुणी बघायचा नाही. तौनोशी वाकडं घेणारी तीन माणसं अशी गेली. धुणं आटपलं की बाहेरून विचारणा व्हायची, “मावशी, रंग?” ती म्हणायची, “लाल.” खोटं कुठं होतं त्यात? भट्टीत ढकलायला हवं होतं त्या तौनोला पहिल्याच दिवशी! पण लेम्पी गप्प. एक तर कॉफीचा पहिला कप आता तिला मिळायचा. दुसरं म्हणजे तिची लेक सायमा. नवरा तळ्यात बुडाल्यापासून पोर हसली नव्हती. तौनोच्या भजनात ती हसायला लागली होती.

फेब्रुवारीत सायमा घरी येऊन म्हणाली, “आई, माझ्या मनात शंका आली. मी भाऊंना सांगून टाकलं. उद्या दुपारी ऊब घेणारेय.”

लेम्पीनं किटली चुलीवर आपटली. “वेडी झालीस? अगं, विष आहे ते, विष! ऑस्करी मूर्खासारखा मेला. मी त्याच्या बायकोसाठी थाप मारली.”

“आणि बाकीचे तिघं?”

“त्यांना मारलं तौनोनं. मला माहीत होतं.”

सायमा म्हणाली, “भाऊ म्हणालेच होते, आई माया लावेल, खोटं बोलेल. तू मेलेल्यांसमोर खोटं बोलशील होय? तू?”

दुसऱ्या दिवशी पोरीनं आत जाऊन स्वतः कडी लावली. झडप तौनोनं बंद केली. लेम्पी झडपेशी झोंबली तेव्हा चौघांनी तिला बर्फात दाबून धरलं, तेही भजन न थांबवता. सायमा एकदाच ओरडली. “आई!” म्हणाली.

मग लेम्पीनं लेकीला धुतलं. केस विंचरले, वेणी घातली. गाल लाल होते.

“मावशी, रंग?” बाहेरून आवाज आला.

खरं सांगावं तर ऐकणार कोण? पोटच्या पोरीनं ऐकलं नव्हतं. लेम्पी दारात आली. डोळे कोरडे ठक्क. “लाल! सगळ्यांत लाल. आणि ओठ हलले तिचे. म्हणाली, भाऊंना पाठवा, त्यांची जागा धरून ठेवलीय.”

गावभर आनंदीआनंद! बायकांनी रडत रडत तौनोचे हात धरले. “माझी वेळ आली नाही अजून,” तो म्हणत होता. त्यांनी हौसेनं सॉना पेटवला, त्याला उचलून आत ठेवलं, निळ्या ज्योतीवर झडप लावली, दाराला ओंडका लावला. आतून तो ऊर फुटेस्तोवर ओरडला, “विष आहे रे ते! गाढवांनो, विषानं मेले सगळे! उघडा!”

“सैतान निघतोय,” ऑस्करीची बायको कौतुकानं म्हणाली. मंडळींनी आवाज चढवला. लेम्पीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तिनं शेवटचं कडवं दोनदा म्हणायला लावलं.

त्यालाही तिनंच धुतलं. मग स्वतःच्या हातानं पेटीचं झाकण ठोकलं आणि बाहेर आली. अकरा घरं श्वास रोखून उभी होती.

“मावशी, रंग?”

तौनोचे गाल सायमासारखेच लाल होते.

“पांढरा,” लेम्पी म्हणाली. “चुन्यासारखा पांढरा पडलाय मेला.”