गार अंथरुणाची बाई

डेड्झाच्या डोंगरावरच्या दवाखान्यात दोरिकाला ठेवलं होतं फरशी पुसायला, पण अकरा वर्षांत तिनं फरशीपेक्षा पोरंच जास्त सांभाळली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तिथं आठ खाटांची एक खोली होती. तळहाताएवढी पोरं आयांच्या उघड्या छातीशी चितेंजेच्या कापडानं रात्रंदिवस बांधलेली असत. आईला आंघोळीला, जेवायला जायचं तर तेवढा वेळ दुसरी छाती हवी, आणि ती दोरिकाची.

तिचीच का, हे तिकडे कुणी विचारत नाही. जिच्या अंथरुणात पुरुष आहे ती बाई तापलेली. तिनं कोवळं पोर उराशी धरलं की ते झिजून जातं. बाळंतिणींच्या सोबतीला येणाऱ्या बहिणी-जावा सगळ्या नवरेवाल्या. दोरिकाचा नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ‘गार अंथरुणाची बाई’ हा तिचा लौकिक खालच्या बाजारापर्यंत पोचला होता. लोक ते मानानंच म्हणत. पण संध्याकाळी घरी एकटीपुरती मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळताना त्या मानाचं करायचं काय, हे कुणी सांगत नव्हतं. शिवाय एकटीपुरती न्सिमा धड होतही नाही, गुठळ्या राहतात.

त्या जूनमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, गिरणीवाल्या बिझवेकनं विचारलं. तोही विधुर. मामाच्या हाती तुझ्या भावाकडे कोंबडी पाठवू का, एवढंच म्हणाला. तिकडे लग्नाची मागणी अशीच घालतात. उत्तर द्यायच्या आधीच एका रविवारी दोरिका त्याच्याकडे राहिली. पन्नाशीच्या बाईला हे शोभतं का, असं ज्यांची घरं भरलेली आहेत त्यांनी विचारू नये. सोमवारी ती कामावर आली ती ठरवूनच, की आता फक्त फरशी. पोरांना हात लावायचा नाही.

आणि नेमकी त्याच सकाळी मर्विस तापानं फणफणली. सतरा वर्षांची पोर, एकटीच आलेली. आई नाही, बाळाचा बाप जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. तिला तातडीनं शस्त्रक्रियेला न्यायचं होतं आणि अकराशे ग्रॅमची चार दिवसांची मुलगी मागे राहत होती. वीज नव्हती, थंडी हाडात शिरत होती. नर्स तामांदानीनं पोर दोरिकापुढे धरलं. दोरिकानं हात मागे घेतले.

बाकी सातही आयांच्या छातीशी आपापली पोरं होती. सोबतिणींनी माना वळवल्या. कोपऱ्यातली म्हातारी गार होती, पण खोकत होती. तीच म्हणाली, “का गं, हात मागे का? गारच आहेस ना तू?”

सगळी खोली बघत होती. स्ट्रेचरवरून मर्विसही बघत होती.

“गारच आहे,” दोरिका म्हणाली आणि झग्याची बटणं सोडली.

तामांदानी शिकलेली, तिच्या लेखी हे सगळं थोतांड. दोरिकाचं तसं नव्हतं. तिचा विश्वास होता, आणि म्हणूनच ती आतून जळत होती. दुसऱ्या दिवशी पोरीचं वजन तीस ग्रॅम उतरलं. तिसऱ्या दिवशी आणखी. पहिले काही दिवस उतरतंच, असं तामांदानीनं दहादा सांगितलं, पण दोरिकाला ते पटेना. दूध पाजायला ती पोरीला मर्विसच्या खाटेशी नेई तेव्हा मर्विसच्या डोळ्याला डोळा देत नसे. गिरणीकडची वाटही तिनं सोडली. सहाव्या दिवशी वजन पंधरा ग्रॅम चढलं. मग चढतच गेलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी पोरगी सोळाशेला टेकली. बाया म्हणाल्या, गार छातीचा गुण. दोरिका न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडली. पोर झिजलं नाही म्हणजे झिजत नसतंच. मग ही अकरा वर्षं कशासाठी काढली? कुणाच्या भल्यासाठी?

मर्विसला घरी सोडलं त्या सकाळी शेजारच्या खाटेवरच्या नव्या बाळंतिणीनं आपला मुलगा पुढे केला. “आमाय, धरा जरा. तुमच्यासारखी गार बाई नाही म्हणतात.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे दोरिकालाही कळत होतं. पण तिला आता ती मूठ धरवेना. “मी गार नाही,” ती म्हणाली. “मर्विसची पोर घेतली तेव्हाही नव्हते.”

बाळंतिणीनं पोर मागे ओढलं. म्हातारी खोकता खोकता शिव्या घालू लागली. एकेक करून बायांनी पाठी फिरवल्या. ज्यांची भावंडं, भाचरं हिनं छातीशी धरली होती त्यांनीसुद्धा. अकरा वर्षं एकटी राहिलेल्या बाईलाही एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मर्विस दारात गाठोडं बांधत होती. ती म्हणाली, “तुम्ही हात मागे घेतलेत तेव्हाच मी ओळखलं होतं.”

“मग दिलीस कशाला?”

“माझं दुसरं होतं कोण? आणि पोराला अपाय होईल म्हणून भिणारं त्या खोलीत तुमच्याशिवाय कोण होतं?”

मर्विसनं छातीवरची गाठ सोडली, सगळ्यांदेखत पोरगी तिच्या हातात दिली आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

“गाडी दुपारची आहे,” ती म्हणाली. “मी आंघोळ करून येते.”