गयाबाई, चिमणी आणि माझी तान्ही पोरगी

माझी दोन महिन्यांची मुलगी मी माझ्या मोठ्या जावेच्या हातात दिली नव्हती.
पंधरा दिवस. मुद्दाम.

आज सकाळी त्या गेल्या. गयाबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणायचे.

सकाळपासून सगळे फोन करून "फार गुणी होत्या" म्हणतायत. होत्याच. पण मी कशी होते ते कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं घर रिठदला. मी वाशीमची, मॅट्रिक पास, आणि त्याचा तोरा नाकावर.
बाई किन्हीराजाच्या. लग्नाला सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

बाईंना एक वेड होतं.

अंगणातल्या लिंबूच्या झाडावर फुलपाखरू बसलं, की हातातलं काम सोडून बघत उभ्या. ते उडालं की कोवळ्या पानावर मोहरीहून बारीक, पिवळं अंडं दिसायचं. ती डहाळी तोडून बाई कंदिलाच्या जुन्या काचेत ठेवायच्या, दोन्ही तोंडांना चिंधी बांधून.

"हे कायले ठेवता बाई?"
"झाडावर राह्यलं तं मुंग्या खातेत. इथं सुखानं राह्यते बिचारं."

अळी निघाली की रोज ताजं पान. पण बोट लावायचं नाही, कोंबडीच्या पिसानं सरकवायचं. मोठी झाली की पुन्हा झाडावर.

"लोक कोंबड्या पाळतात, आमची जाऊ अळ्या पाळते," असं सांगून मी माहेरी सगळ्यांना पोट दुखेपर्यंत हसवलं होतं.

बाळंतपण माहेरीच झालं. परत निघताना मावशीनं मला दाराआड नेलं.
"तुह्या जावेले लेकरू नाही. पोरीले तिचा हात लागू देऊ नोको."

आणि मॅट्रिक पास मी मान डोलावली.

रिठदला उतरले तशा बाई धावत आल्या, दोन्ही हात पुढं.
"आत्ताच झोपली जी," मी म्हटलं.
दुसऱ्या दिवशी, "पाजाची हाये."
तिसऱ्या दिवशी बाईंनी हात पुढं केलेच नाहीत.

मग त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहून लांबूनच बघायच्या. पोरगी हसली की पदर तोंडाला लावून हसायच्या.
मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. टेन्शन गेलं.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली. घराला चुना मारायचा, बुद्धांची तसबीर उतरवून पुसायची, ही आमच्याकडची रीत. वंदनेला सगळी वस्ती आमच्याच घरी जमायची.
आणि नेमकं त्याच तसबिरीमागं चिमणीचं घरटं होतं.

मामाजी, म्हणजे आमचे सासरे, म्हणाले, "तसबीर खाली घ्या."

मामाजींसमोर कधी वर न बघणाऱ्या बाई बोलल्या.
"मागं पिल्लं हायेत मामाजी. मी बाजूबाजूनं चुना मारतो."
"पोर्णिमेले भिंत अर्धी काळी ठेवाची काय?"
"पिल्लं उडले का तेवढी मारून देतो."
मामाजी पुटपुटले, पण ऐकलं.

चुना मारताना कुंचा तसबिरीला लागला. एक पिल्लू खाली पडलं. लाल, बिनपिसांचं.

शेजारची काकू चुना मागायला आली होती. ती ओरडली, "हात नोको लावू व गया. माणसाचा हात लागला का चिमणी पिल्लाले टाकून देते."

बाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी तो मागं घेतला आणि लांबून बघत राहिल्या.
ते उभं राहणं मी ओळखलं. पंधरा दिवस रोज बघत होते.

बाजेवरून मामाजी उठले. लहानपणी विहिरीवर ओंजळ धरून, वरून ओतलेलं पाणी प्यायलेला माणूस.
"या घरात हात लागून कोणी बाटत नाही," ते म्हणाले. "उचल, गया."

बाईंनी पिल्लू उचललं. स्टुलावर चढून घरट्यात ठेवलं.

मग आम्ही सगळे अंगणात बसून दारातून बघत राहिलो. चिमणी आली. खिडकीवर बसली, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेली.
"पाहा, म्हटलं नव्हतं?" काकू.
बाई खाली बघत बसल्या. मी आयुष्यात एखाद्या चिमणीची इतकी वाट कधी बघितली नव्हती.

बऱ्याच वेळानं ती परत आली. चोचीत हिरवी अळी. सरळ तसबिरीमागं गेली आणि आतून चिवचिवाट उठला.

"आपल्याच निंबूवरची दिसते अळी," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "खाऊ दे."

मी आत गेले, पोरीला उचलून आणलं. "घ्या बाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.
"थांब. चुना हाये हाताले. धुवून येतो."

मोरीत गेल्या त्या येईनातच. मी बघायला गेले.
बाई राखेनं हात घासत होत्या. धुतले, पुन्हा राख घेतली. कोपरापर्यंत. चुना केव्हाच निघाला होता.

मी तिथंच रडले.
ज्या घरानं पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांकडून हे सोसलं, त्याच घरात मी ते बाईंना सोसायला लावलं होतं.

ओले हात तसेच धरून मी त्यात पोरगी ठेवली. पुढं ती माझी कमी आणि त्यांचीच जास्त झाली, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

माफी मात्र राहून गेली. मागच्या वर्षी त्या आजारी पडल्या तेव्हा धीर करून म्हटलं, "बाई, ते पोरगी तान्ही होती तवाचं..."

त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही.
"मले माहीत होतं व. तू नवीन माय होती. माय भेतेच."

एवढं बोलून चहा मागितला.

बाई, तुम्ही मला माफी मागू दिली नाही. आज मागते, आज तुम्ही अडवू शकत नाही.
चुकलं माझं.

या आता. नमो बुद्धाय.