फिके निखार

पक्षीगृहातले दोन राखणदार एकमेकांचे साडू. थोरल्याकडे करडे पारवे, धाकट्याकडे निखार नावाची लालभडक, गोड गळ्याची पाखरं. गर्दी कुठे व्हायची ते सांगायला नकोच.

"यांना निखार का म्हणतात हो?" कुणीतरी विचारायचं.

"फुंकर घातलेला निखारा पाहिलाय ना? त्याला पंख फुटले समजा," धाकटा म्हणायचा. लोक हसायचे आणि इकडे थोरल्याचा तिळपापड व्हायचा.

खाणं मात्र सगळ्या पिंजऱ्यांचं थोरलाच चिरायचा. पिंजऱ्यातल्या निखारांची लाली गाजरावर टिकते, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने त्यांच्या ताटलीतलं गाजर गुपचूप बंद केलं. जुनी पिसं झडली आणि नवी आली ती धुऊन विटलेल्या फडक्यासारखी.

धाकटा रडकुंडीला येऊन साहेबांना म्हणाला, "माझ्या हाताला गुण नाही. साडूभाऊंचे पारवे बघा कसे तुकतुकीत आहेत. निखार त्यांनाच द्या."

साहेबांनी लगेच अदलाबदल केली. दुसऱ्याच दिवशी एक आजीबाई पिंजऱ्यापाशी थांबल्या.

"यांना निखार का म्हणतात रे?"

थोरल्याने त्या फिक्या पाखरांकडे पाहिलं. शेजारी पारव्यांना दाणे टाकणारा धाकटाही कान देऊन उभा होता.

"पुढच्या वर्षी या, आजी," थोरला पुटपुटला आणि गाजरं चिरायला आत पळाला.