कार्बोलिकची बाटली

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डी तालुक्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमच्या कंपाउंडरनं औषधांच्या खोलीत फिनेल, कार्बोलिक अ‍ॅसिड आणि विहिरींत टाकायची ब्लीचिंग पावडर एकत्रच कोंबली होती. कार्बोलिकची बाटली तर सगळ्यात वरच्या फळीवर, चिठ्ठीशिवाय. "खाली ठेवा, नाव लिहा," असं मी तीनदा बजावलं. तो नुसता हसला.

एका सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी फिनेल समजून ती काढायला गेल्या. बाटली निसटून फुटली आणि सगळं हातावर सांडलं. कातडी पांढरीफटक पडली. टँकरचं पाणी जपून वापरायचे दिवस, तरी मी त्यांना हौदावर नेऊन हातावर बादल्यांमागून बादल्या ओतल्या.

"आता दुखत न्हाई, बाई. बरं झालं वाटतं," मावशी म्हणाल्या.

मी आणखी एक बादली भरली. कार्बोलिकनं आधी जागा बधिर होते, आत मात्र जळतच राहते.

कंपाउंडरनं डॉक्टरांना सांगितलं, "ती झाडणारी धांदरट आहे." मावशींना कामावरून काढलं. फळीवर त्याच जागी नवी बाटली आली. ती मला हलवता आली असती. मी हलवली नाही. कुणीतरी मोठा साहेब येऊन स्वतः बघेपर्यंत ती तिथंच राहायला हवी होती. आणखी कुणी भाजलं असतं तर, हा विचार मी मनात येऊ दिला नाही.

महिन्याभरानं जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. नेमका त्यांच्यासमोरच ब्लीचिंगच्या गंजलेल्या डब्याचा तळ सुटला आणि पावडर खोलीभर पसरली. कंपाउंडर ओरडला, "पाणी आणा!"

"पाणी नको, वायू सुटेल," मी म्हणाले. "खिडक्या उघडा. कोरडी वाळू टाकून कोरड्या फावड्यानं भरा."

"मग झाडणारीला बोलवा," कंपाउंडर म्हणाला.

"तिला तुम्हीच घालवलंत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं आणि फळीकडे बोट केलं. साहेब कंपाउंडरला म्हणाले, "तुम्हीच भरा."

तो खोकत, डोळे पुसत भरत राहिला. माझ्या खिशात नाकाला बांधायची स्वच्छ पट्टी होती. ती मी दिली नाही.

त्याची बदली झाली, मावशी परत आल्या. त्यांची दोन बोटं कायमची आखडलेली. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली.

"लई खोकला का त्यो?" त्यांनी विचारलं.

"लई."

मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "पुन्यांदा सांगा."