मागच्याचं पीठ

गिरणीत किस्से जमवावे लागत नाहीत. आढ्यावर पीठ साचतं तसे ते आपोआप साचतात. संध्याकाळी झाडून काढावं, सकाळी पुन्हा थर!

मी हैदराबादेहून बी.ए. होऊन आलो तेव्हा वडिलांना वाटलं, पोरगा तहसिलीत चिकटेल, शेरवानी घालून फिरेल. मी कळंबच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, इंजिनवर चालणारी पिठाची गिरणी टाकली! आता डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन घरी जातो. आई म्हणते, "शेरवानी नाही तर नाही, पण रंग तरी माणसाचा ठेव!"

०

इंजिन बार्शीहून बैलगाडीतून आलं. ते चालवायला रहीमभाई मिस्त्री आले. सुरुवातीच्या दिवशी मी खोक्यावर उभा राहून जोरदार लेक्चर दिलं. "बायांच्या हातातला जात्याचा खुंटा सुटला पाहिजे! त्यांची पहाटेची झोप त्यांना परत मिळाली पाहिजे! उद्याचं शहर या इंजिनच्या आवाजानं जागं होईल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खोक्यावरून उतरलो तर रहीमभाई कानाशी आले. "साब, तकरीर बढ़िया थी. पन जिनके वास्ते बोले, वो सब तो घर में पीसते बैठे!"

मी मान वर करून पाहिलं. समोर नुसते फेटे आणि टोप्या. बाई औषधालासुद्धा नव्हती!

०

पहिले काही दिवस कुणी फिरकलंच नाही. इंजिनच्या पिठातला जीव जळतो, ते खाल्लं की अंगातली ताकद जाते, अशी आवई उठली होती. तालमीतल्या वस्तादांनी तर पोरांना गिरणीच्या सावलीतून जायचीही बंदी केली.

आम्हाला तारलं चांदबीनं. ही गंजातल्या लिंबाखाली चूल मांडते आणि बाहेरगावच्या गाडीवानांना भाकरी-कालवण देते. तिच्या ज्वारीत मूठभर उडीद आणि चिमूटभर मेथी असते. तिची भाकरी खायला म्हणून काही गाडीवान उगाच मुक्काम वाढवतात. चूल विझवून संध्याकाळी ती टोपली घेऊन आली. मी विचारलं, "चांदबी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"हात मेरे दो च हैं, बापू. थापूं क्या पीसूं?"

दुसऱ्या दिवशी त्या पिठाची भाकरी एक तेरखेड्याचा गाडीवान खायला बसला आणि निम्मा गंज त्याच्या भोवती गोळा झाला. कुणीतरी विचारलं, "कसं वाटतंय रं अंगात?"

तो म्हणाला, "आनी एक द्या, मग सांगतो."

तिसरी संपली तरी त्यानं काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून गिरणीपुढं टोपल्या लागल्या, आणि चूल विझवून येणाऱ्या चांदबीची रोज सगळ्यात शेवटी!

०

इंजिनच्या धुराच्या नळीतून टुक्-टुक्-टुक् असा आवाज निघतो. तो पार वेशीपर्यंत जातो. गावात घड्याळं किती, तर बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळं लोकांनी या टुकटुकीवर आपला दिवस बांधून टाकला. गिरणी सुरू झाली की अंघोळ, दुपारी बंद झाली की जेवण.

एका सकाळी पट्टा तुटला. तो शिवून इंजिन सुरू होईपर्यंत ऊन चांगलं वर आलं. थोड्या वेळानं कचेरीतला शिपाई धावत आला. "बापू, पेशकारसाहेब लई भडकलेत, तुमाला बोलावलंय! निम्मी कचेरी उशिरा आली. साहेबांनी जाब विचारला तर सगळे म्हणाले, गिरणीच बोलली न्हाय, आमी कसं निघावं?"

मी म्हणालो, "मग साहेबांनी मला का बोलावलंय? मी काय त्यांचा नोकर आहे?"

"न्हाय, ते बी आत्ताच आलेत!"

०

गिरणीमुळं बायांना विसावा मिळेल असं मी म्हणत होतो. झालं उलटंच. त्यांना विसाव्यापेक्षा चांगली गोष्ट मिळाली. रांग! टोपली रांगेत ठेवायची आणि लिंबाखाली बसायचं. कुणाची लेक कुठं दिली, कुणाला कुठलं लुगडं आलं, सगळी खबर तिथं. मी तर वर्तमानपत्र मागवणं बंद करायच्या बेतात होतो.

एक सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून आल्या. "आमची सून दळणाला म्हणून येती आन् दुपार करती. एवढा येळ हितं चालतं तरी काय, ते मी सोता बघनार!"

त्या बसल्या. बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला आल्या. आठवड्यानं त्यांची सून दारात उभी राहिली. डोळ्यांत पाणी!

"दादा, आता सासूबाईच दळण आनत्यात. तुमच्या गिरणीनं माझी सुटी गेली की ओ!"

०

आता मुख्य भानगड. गिरणीच्या दोन दगडांच्या मध्ये आणि नळीत थोडं पीठ अडकून राहतं. पुढचं दळण पडलं की ते बाहेर येतं. म्हणजे प्रत्येकाच्या टोपलीत आधी मागच्याचं पीठ पडतं, एक-दोन भाकरीपुरतं. दगडांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं खरखरीत करायची, वेळ आली तरच ते उघडतात. एरवी मागच्याचं पुढच्याला, पुढच्याचं त्याच्या पुढच्याला. मला तर ही गोष्ट फार आवडायची. माणसं सगळी एक, हे जे मी कॉलेजात घसा फोडून सांगत होतो, ते दोन दगड न बोलता करत होते!

पण ज्या शेडमध्ये गिरणी होती ती अप्पांची. अप्पा म्हणजे गंजातले मोठे अडतदार. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, पूजेशिवाय पाणी घ्यायचे नाहीत. मनानं दिलदार, पण सोवळ्याला कडक. चांदबीच्या चुलीवरून जाताना ते नाकाला उपरणं लावत. मात्र नेमकं तिथंच त्यांची चाल का मंदावते, हे कुणाला कळत नसे.

एके दिवशी त्यांना या मागच्या पिठाचा सुगावा लागला. तरातरा आले.

"बापू, हे चालायचं न्हाय. आमच्या लोकांचं दळण सकाळी, बाकीच्यांचं दुपारनंतर. आन् मधी दगड धुवायचे!"

"अप्पा, रांग एकच राहील," मी म्हणालो. "जो आधी येईल त्याचं आधी. जग कुठं चाललंय आणि तुम्ही..."

"जग कुठं बी जाऊ दे. शेड हितंच हाय आन् ती माझी हाय! पाडव्याला करार संपतोय. दोन रांगा कर, न्हायतर इंजिन उचल!"

माझं डोकं फिरलं. दुसरी जागा गंजात कुणी देणार नव्हतं. इंजिन उचललं असतं तर गिरणी मेली असती, आणि दोन रांगा केल्या असत्या तर ती कशासाठी टाकली हेच मेलं असतं. मी पुन्हा खोक्यावर चढायच्या तयारीत होतो. रहीमभाईंनी माझा सदरा ओढला. "साब, तकरीर नक्को. पट्टा गरम हो रा."

तेवढ्यात अप्पांच्या मंडळी गंगाक्का पुढं झाल्या. त्या रांगेतच होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून शांतपणे म्हणाल्या, "आवं, रांग ऱ्हाऊ द्या एकच. आपलं दळण रोज सकाळी सगळ्यात पैलं लावू. आपल्या मागं कुनीच न्हाय, तर कुनाचं पीठ येनार?"

अप्पांनी विचार केला. चेहरा खुलला. "ह्याला म्हनत्यात डोस्कं! बापू, तू बी.ए. झालास, तुला सुचलं का हे?"

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की अप्पा, दगड रात्री उपाशी झोपत नाहीत. संध्याकाळचं शेवटचं दळण तर रोज... रहीमभाईंचा पाय माझ्या पायावर पडला. चांगला जोरात!

०

तेव्हापासून गंगाक्का रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. पहिलं पीठ पडलं की त्या टोपलीआधी एक छोटा पितळी डबा पुढं करत. तो भरला की मग टोपली.

मी एकदा विचारलं, "अक्का, डबा कशाला वेगळा?"

"त्यो ह्यांच्या भाकरीचा," त्या म्हणाल्या. बास. डब्याला झाकण!

अप्पा गंजभर सांगत सुटले. "पैल्या दळनाची भाकरी खाऊन बघा! जात्यावर जलमात असली चव आली न्हाय. सोवळ्याचा गुन हाय!"

मला राहवेना. वाटायचं, भर बाजारात उभं राहून खरं काय ते सांगावं. रहीमभाई म्हणायचे, "साब, आपको जीतना है क्या गिरनी चलानी है?"

०

पाडवा जवळ आला आणि नेमकं त्याच सुमारास अप्पा तणतणत गिरणीत शिरले.

"दगड बदलले का रं?"

"नाही, अप्पा."

"मग इंजिनात काय गडबड केली?"

"काहीच नाही. तेच दगड, तेच इंजिन, तुमचीच ज्वारी."

"मग भाकरीची चव गेली कुठं? आठ दिस झाले, घशाखाली उतरंना! कुनीतरी ढवळाढवळ केलीया. बापू, पाडव्यापत्तुर चव परत आली तर करार. न्हायतर कसली गिरनी आन् कसलं काय!"

अप्पा गेले. रांगेच्या प्रश्नावर मी वाद घालू शकत होतो, पण चवीवर काय लेक्चर देणार?

गंगाक्का टोपली घेऊन तिथंच उभ्या होत्या. पितळी डब्यात वाकून पाहिलं, बोटावर पीठ घेऊन जिभेला लावलं. मग रहीमभाईंना विचारलं, "चांदबी माहेराहून कवा येनार?"

"भांजी की शादी है, अक्का. तेरखेडे को गई. पाडवे के बाद आती बोली."

"म्या घरी उडीद घालून बघितला, मेथी घालून बघितली," अक्का हळूच म्हणाल्या. "त्ये म्हनत्यात, ही ती न्हवं." मग एकदम आवाज चढवून, "तेरखेड्याकडं जानारी गाडी हाय का गंजात?"

होती. तोच तीन भाकऱ्यांवाला गाडीवान! अक्कांनी त्याला काय निरोप दिला ते मला माहीत नाही. पण पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, इंजिन बंद करायच्या वेळी, दारात चांदबी उभी. हातावर लग्नाची मेंदी, काखेत टोपली. नेहमीसारखं शेवटचं दळण तिचंच झालं. टोपली जड म्हणून ती उद्या नेते म्हणाली.

पाडव्याला अक्का पितळी डबा घेऊन पहिल्या. आणि दुपारच्या जेवणानंतर अप्पा आले ते नवं उपरणं, हातात नारळ आणि तोंडभर हसू घेऊन. मागून अक्का. चांदबीही त्याच वेळी राहिलेली टोपली न्यायला आली होती.

"आली बरं का चव!" अप्पांनी इंजिनपुढं नारळ फोडला. "बापू, करार झाला समज. रांग तुझी एकच ऱ्हाऊ दे. आमचं दळन तेवढं सगळ्यात पैलं पायजे. मागं कुनी नसलं की पीठ कसं चोख लागतंय!"

रहीमभाईंना अचानक इंजिनखाली वाकून काहीतरी बघायचं आठवलं.

अक्कांनी खोबऱ्याचा तुकडा चांदबीच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "चांदबी, हितून फुडं माहेराला जायचं झालं तर आदी मला सांगत जा गं."

अप्पांनी जोरात मान डोलावली.

"बराबर हाय! बाजारात मानसानं एकमेकाला सांगूनच जावं!"