सुवर्णाच्या वतीनं

मी माझ्या चुलत बहिणीला, सुवर्णाला, फसवलं. हे आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही – आईला नाही, आणि सुवर्णाला तर नाहीच.

गेल्या आठवड्यात कॉलेजात मॅडमनी पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना एकेक करून बोलायला लावलं. तुमच्यातली ताकद कोणती, इथवर येताना तुम्ही किती घडलात? मी म्हणाले, मला सौदा जमतो. ते खोटं नव्हतं. सांगोल्याच्या शेळीबाजारात मी आठवीपासून आबांबरोबर, माझ्या वडिलांबरोबर, जाते. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवते. पोरगी म्हणून व्यापारी हसला तर भडकते, आणि भडकले तरी भाव सोडत नाही. वर्गात पोरं हसली, मग टाळ्या वाजल्या. इथली जागाही मी स्वतःच्या बोलण्यावर मिळवली, असंही मी सांगून टाकलं. पुन्हा टाळ्या. खाली बसले तेव्हा मनात आलं – कशाच्या टाळ्या होत्या त्या?

बाजारात दलालाला एक गोष्ट पाळावीच लागते. ज्याच्यासाठी बोलायला उभं राहायचं, त्यानं पसंत केलेलं जनावर स्वतः घ्यायचं नाही. घेतलं तर त्याच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही. आबांनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं.

बारावीनंतर आमच्या घरातून एकीलाच पुढे पाठवायचं ठरलं. होटगीच्या आत्याकडे राहून कॉलेज करायचं; तिच्याकडे दोन खोल्या, त्यात एकीचीच जागा. एकच का? आम्ही मुलगे असतो तर दोघांची सोय झालीच असती की. हा राग माझ्या मनात अजून आहे – पण तो इथे कामाचा नाही. मार्क सुवर्णाला जास्त होते. जाणार तीच होती. आत्या मात्र का-कू करत होती, आणि सुवर्णाला मोठ्यांसमोर तोंड उघडवत नाही. ती मला म्हणाली, "अक्का, तू जाऊन बोल की. तुला कोण न्हाय म्हणत न्हाय."

मी गेले. आत्यानं चहा दिला. नवऱ्याची रेल्वेत रात्रपाळी असते, आपणही कधी कधी गावी जातो, तेव्हा पोरीला एकटीला राहायला जमेल का, असं तिनं विचारलं. साधा प्रश्न. तेव्हा मला काय झालं? – काही झालं नाही. सगळं कळत होतं. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आत्या, तिला फिट येती. घरात कुणी सांगत न्हाय. माझं नाव घिऊ नको."

आत्यानं कप आत नेऊन ठेवले. मग म्हणाली, "मग तूच ये की."

घरी मी सांगितलं, आत्याला मीच हवी आहे. माझी बॅग सुवर्णानं भरून दिली.

पण असं बोललेलं होटगीतच राहतं का? आत्यानं काळजीपोटी काकूला, सुवर्णाच्या आईला, विचारलं, माझं नाव न घेता. काकूला वाटलं, पोरगी आपल्यापासून लपवते आहे. सुवर्णा जितकी नाही म्हणाली, तितका संशय वाढला. तालुक्याच्या डॉक्टरसमोर काकूच बोलली, आणि गोळ्या सुरू झाल्या. आता तिला विहिरीवर पाठवत नाहीत, चुलीपाशी बसू देत नाहीत, शेळ्यांमागे एकटी सोडत नाहीत. एका पाहुण्यानं स्थळ आणलं होतं, ते त्यानंच परत नेलं.

परवा तिचा फोन आला. कॉलेजची चौकशी केली, आणि मग हळूच म्हणाली, "अक्का, मला खरंच येत आसंल का गं? माझं मलाच कळत नसंल?"

त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी म्हणाले, "गोळी घेत जा."

हे वाक्य माझ्याकडून कुणी वदवून घेतलं नाही. सुवर्णाला फिट येत नाही. कधीच आली नाही. रविवारी घरी जाऊन आबा, काका, काकू, सगळ्यांसमोर मी हे सांगणार आहे. मग ज्याला जाब विचारायचा त्यानं मला विचारावा. पहिला सुवर्णानं.