दोन्ही हातांची कात्री

दुकानदाराने मला फसवलं आणि मी पाच वर्षांच्या मिस्बाहला. यातलं पहिलं मी गावभर सांगत फिरले. दुसरं आता सांगते.

कोल्हारात माझी बालवाडी आहे. दोन खोल्यांत सुरू केली तेव्हा फळासुद्धा घासाघीस करून आणला होता. बारा कात्र्याही तशाच आणल्या, नगरच्या एका दुकानातून. बोथट टोकाच्या, पाकिटावर छापलेलं, 'दोन्ही हातांसाठी'. मी खोदून विचारलं.

"डावरं मूलही कापेल, मॅडम. गॅरंटी," दुकानदार म्हणाला.

लोकांना वाटतं, मुलांच्या हातात कात्री दिली की झालं. आधी ती जुनं वर्तमानपत्र फाडतात, कणीक मळतात, दोरीला कपड्यांचे चिमटे लावतात. बोटांत जोर आला की मग कात्री. अंगठ्याच्या नखावर टिकली लावायची आणि सांगायचं, टिकली कायम वर दिसली पाहिजे. म्हणजे मनगट वळत नाही. पातळ कागद लोळतो, म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका वापरते. त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या करायच्या. एकदा कच केलं की तुकडा पडतो आणि मूल खूश.

सगळी कापायला लागली. मिस्बाहची पट्टी मात्र पात्यांमध्ये दुमडून बसायची. ती डावरी. महिनाभर मी तिच्याकडून जास्तीची कणीक मळून घेतली. मग कात्रीच्या तासाला तिचं पोट दुखू लागलं. मी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'हात कच्चा. आणखी एक वर्ष बालवाडीत ठेवावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची आई शबाना आली. ती घरी ब्लाउज शिवते.

"बाई, हात कच्चा कसा? घरी माज्या कात्रीनं चिंध्यांचा ढीग करती."

"मोठ्या कात्रीनं? पाच वर्षांची पोरगी?"

"मी म्होरं बसलेली असती ना. तुमची दाखवा बरं."

तिने कात्री डाव्या हातात घेतली. तीही डावरी. एकदा उघडली, मिटली आणि टेबलावर ठेवली.

"उजव्या हाताची हाय. बोटं घालायची भोकं तेवढी सारखी केलीत. पाती न्हाईत."

मग तिने मला समजावलं. उजव्या हाताच्या दाबाने पाती एकमेकींना घासतात, म्हणून कागद कापला जातो. डाव्या हाताचा दाब तीच पाती फाकवतो. कागद मधे शिरतो आणि दुमडतो. डावऱ्यांच्या कात्रीत पाती उलटी बसवलेली असतात, तिची घरची कात्री तशीच. इतकी वर्षं शिकवतेय, मला हे माहीत नव्हतं.

"तुमी शिकलेल्या. तुमाला कोन सांगनार," शबाना म्हणाली.

मी ती कात्री आणि एक जुनी लग्नपत्रिका पिशवीत टाकली.

त्याच दुपारी एसटीने नगर गाठलं.

"पोरीला उजव्या हाताची सवय लावा ना, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"आधी तुम्ही डाव्या हाताने ही पत्रिका कापा. कापली, तर मी निघाले."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. पत्रिका दुमडली. दुसऱ्यांदाही दुमडली.

"शेठ, तुमीबी बसा आता बालवाडीत," एक गिऱ्हाईक म्हणालं.

आठवड्यात त्याने दोन खऱ्या डाव्या कात्र्या बदलून दिल्या.

मिस्बाहने पट्टी धरली. कच. नवरा एका तुकड्यात, नवरी दुसऱ्यात. तिने दोन्ही तुकडे पाहिले आणि म्हणाली, "अजून द्या." मी खुर्चीत टेकले. तेव्हा कळलं, महिनाभर मीही दात आवळून बसले होते.

शेरा मी शबानासमोर खोडला आणि खाली लिहिलं, 'चूक शिक्षिकेची. पहिलीत जाण्यास तयार.' सही केली. आता मुलाला कात्री देण्याआधी ते ज्या हाताने धरणार, त्याच हाताने मी स्वतः कापून बघते.

माझं उत्तर मी दिलं. दुकानदार म्हणतो, पाकीट कंपनी छापते. पण ती पाकिटं अजून त्याच्या दुकानात लटकलेली आहेत, आणि कुठल्या तरी बालवाडीत कुणाचा तरी हात आजही कच्चा ठरत असेल. छापणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एकदा तरी डाव्या हाताने कापून पाहिलं होतं का? दोघांनी याचं उत्तर द्यावं.